काच जोडणारे प्रकाश-दृढ आसंजक

प्रकाश-दृढ आसंजक म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडल्यावर द्रवरूपातून घनरूपात जाणारे चिकटद्रव्य होय. बाजारात ते ‘यूव्ही ग्लू’ या नावाने मिळते. त्यात बहुधा अ‍ॅक्रिलेट वर्गातील रेणू आणि प्रकाश-आरंभक असतो. अतिनील किरण शोषताच आरंभकापासून मुक्त मूलके निर्माण होतात व रेणू एकमेकांत गुंफले जातात. नांदेड, लातूर यांसारख्या शहरांत मोबाईलच्या वक्र पडद्यावर संरक्षक काच बसवताना दुकानदार छोटा जांभळट दिवा धरतात, तो याचसाठी.

निवडीतील पहिला प्रश्न चिकटपणाचा नसून प्रकाश आत पोहोचतो का, हा आहे. जेथे किरण पोहोचत नाहीत तेथे आसंजक ओलेच राहते. मोबाईलच्या ध्वनिछिद्रांत शिरलेला थेंब वाळत नाही, तो यामुळे. साध्या काचेतून ३६५ नॅनोमीटरचे किरण सहज जातात. मात्र पीव्हीबी पापुद्रा असलेली स्तरित काच अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवते. तेथे आणि गडद रंगीत काचेसाठी ४०५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशात, घट्ट होणारा प्रकार घ्यावा लागतो. सांधा दिसू नये यासाठी आसंजकाचा अपवर्तनांक काचेच्या सुमारे १.५२ या अपवर्तनांकाशी जुळता हवा.

मराठवाड्यातील उन्हाळा हा दुसरा प्रश्न. नांदेडचे तापमान मे महिन्यात ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. उन्हात ठेवलेली काच हवेहूनही अधिक तापते. रंगीत काच पारदर्शक काचेपेक्षा अधिक उष्णता शोषते. दोन्ही काचा एकमेकींवर चिकटवल्या आणि त्यांच्यात २० अंशांचा फरक पडला, तर १ मीटर लांबीत सुमारे ०.१८ मिलिमीटर तफावत येते. आकडा किरकोळ वाटतो. पण केसाएवढ्या पातळ व ताठ थराला तो पेलत नाही, सांधा सुटतो किंवा काचच तडकते. म्हणून मोठ्या पृष्ठभागासाठी लवचीक, जाड थराचे आसंजक योग्य; लहान कपाटाच्या किंवा शोभेच्या वस्तूच्या सांध्यासाठी पातळ, कठीण प्रकार पुरेसा ठरतो.

काचेवरील तेलकटपणा व ओल सांध्याची शत्रू असते. पावसाळ्यात काच पुसून, किंचित ऊब देऊन कोरडी करणे हिताचे. ऑक्सिजन ही क्रिया मंदावतो, त्यामुळे कडेला बाहेर आलेला थर चिकचिकीत राहतो. तो पुसून टाकतात.

जिन्याचा कठडा किंवा छत अशा ठिकाणी, जेथे काच निखळल्यास जीवावर बेतते, केवळ या आसंजकावर विसंबू नये. तेथे भारतीय मानक आयएस २५५३ नुसार तयार केलेली सुरक्षा काच आणि यांत्रिक आधार हवा.

सूर्यप्रकाशातही अतिनील किरण असल्याने दिव्याशिवायही सांधा घट्ट होतो. मात्र ढगाळ दिवशी वेळ वाढतो आणि दुपारच्या उन्हात काच जुळवण्याआधीच आसंजक धरू लागते. बाटली अपारदर्शक ठेवावी व काम सावलीत मांडावे. दिव्याकडे थेट पाहू नये.