शिलकीतून उभा राहिलेला पर्वत

पायाखालची पृथ्वी : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण पेरू-चिलीच्या सागरी खंदकापर्यंत पोहोचलो होतो. पॅसिफिकच्या तळाची नाझ्का प्लेट तिथे दक्षिण अमेरिकेखाली वर्षाला सुमारे सात सेंटीमीटर वेगाने शिरते. खंदकाला समांतर अशी अँडीजची सात हजार किलोमीटरची रांग उभी आहे. याच किनाऱ्यावर २२ मे १९६० रोजी ९.५ महत्तेचा भूकंप झाला. उपकरणांनी नोंदलेला तो आजवरचा सर्वांत मोठा भूकंप. एवढे प्रचंड भूकंप आणि एवढा प्रचंड पर्वत शेजारी शेजारी दिसले, की एकाने दुसऱ्याला घडवले असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मोजमापे वेगळे सांगतात. किनाऱ्यावरचे महाभूकंप बहुतांशी घेतलेले परत करतात. पर्वत वाढतो तो त्यातून मागे राहणाऱ्या थोड्या शिलकीवर, आणि ही शिलक खर्ची पडते ती खंडाच्या कवचातल्या, तुलनेने लहान व उथळ भूकंपांत.

हा जमाखर्च नीट पाहू. दोन प्लेटांचा एकमेकींना टेकलेला पृष्ठभाग दीर्घकाळ घट्ट अडकलेला असतो. नाझ्का प्लेट पुढे सरकताना वरच्या खंडाची कडा आपल्याबरोबर पूर्वेकडे ओढत नेते. चिलीच्या किनाऱ्यावरची जीपीएस केंद्रे वर्षानुवर्षे अशी आत सरकताना दिसतात. अडकलेला भाग सुटला की कडा उसळून माघारी येते. २७ फेब्रुवारी २०१० च्या ८.८ महत्तेच्या भूकंपात कोन्सेप्सिओन शहर सुमारे तीन मीटर पश्चिमेकडे सरकले. दशकानुदशके साठलेले आकुंचन असे काही मिनिटांत फिटते. ज्या आकुंचनाची परतफेड होते, त्यातून पर्वत उभा राहू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप थेट चार्ल्स डार्विनच्या निरीक्षणाचा आधार घेऊन येतो. २० फेब्रुवारी १८३५ च्या भूकंपानंतर कोन्सेप्सिओनच्या परिसरातली जमीन समुद्रातून वर आलेली त्याने नोंदवली. जवळच्या सांता मारिया बेटाचा किनारा तर सुमारे तीन मीटर उचलला गेला होता. असे धक्के पुन्हा पुन्हा बसून पर्वतरांगा उभ्या राहत असतील, हा त्याचा तर्क त्या काळात फार धाडसाचा होता. पण तेच बेट पुढच्या पावणेदोनशे वर्षांत हळूहळू खचत गेले आणि २०१० मध्ये पुन्हा उचलले गेले. शिवाय किनारा उचलला जातो तेव्हा त्यामागचा पट्टा बऱ्याचदा खाली जातो. १९६० मध्ये चिलीतल्या वाल्दिव्हिया शहराभोवतीची शेते खचून पाण्याखाली गेली ती त्यामुळेच. काही उंची कायम राहते, किनाऱ्यावरचे जुने सागरी टप्पे त्याची साक्ष देतात. मात्र ती किनाऱ्याची उंची आहे. अँडीजची शिखरे तिथून बरीच आत आहेत आणि त्यांचा उगमही आतच शोधावा लागतो.

बोलिव्हियाच्या अक्षांशावर भूकवच सुमारे ३०० किलोमीटरने आखडले असल्याचा अंदाज आहे. या घडामोडीला साधारण पाच कोटी वर्षे लागली असे धरू. आजच्याच वेगाने तेवढ्या काळात साडेतीन हजार किलोमीटर लांबीची सागरी प्लेट खाली गेली असती. म्हणजे एकूण हालचालीचा दहावा हिस्सासुद्धा पर्वताच्या वाट्याला आला नाही. तेवढ्यानेही कवच जाड होत गेले, काही भागांत सत्तर किलोमीटरपर्यंत, आणि जाड झालेले हलके कवच खालच्या घन प्रावरणावर अधिक उंच तरंगू लागले. आजही अँडीजच्या पूर्व पायथ्याशी, अर्जेंटिनातल्या सान हुआनच्या परिसरात, आकुंचनाचा वेग वर्षाला जेमतेम अर्धा सेंटीमीटर आहे. एवढ्या संथ गतीमुळे भ्रंश, म्हणजे कवचातल्या सरकणाऱ्या भेगा, फार क्वचित हलतात. चिलीची राजधानी सांतियागोच्या पूर्व कडेने जाणाऱ्या सान रामोन भ्रंशावर खणलेल्या चरात दोन जुन्या भूकंपांच्या खुणा सापडल्या. प्रत्येक वेळी जमीन पाचेक मीटर सरकली होती, आणि त्यातला अलीकडचा भूकंप सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे.

दुसरा आक्षेप ज्वालामुखींचा. वितळलेला खडक खालून भर घालत असेल, तर आकुंचनाची गरजच काय? शिलारसाचा वाटा नाकारता येणार नाही. पण साधारण २८ ते ३३ अंश दक्षिण अक्षांशांदरम्यान नाझ्का प्लेट सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर जवळजवळ आडवी पसरते आणि तिथे जिवंत ज्वालामुखी नाहीत. तरीही अँडीजमधले सर्वोच्च शिखर, ६,९६१ मीटरचे अकोंकाग्वा, नेमके याच पट्ट्यात आहे. तिसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे: कवचातला प्रत्येक भूकंप आकुंचनाचाच असतो का? नसतो. ११ मार्च २०१० रोजी चिलीच्या किनाऱ्यावरच्या पिचिलेमूजवळ झालेल्या भूकंपात कवच ताणले गेले होते, कारण फेब्रुवारीतल्या महाभूकंपाने तिथला दाब नुकताच सैल केला होता. म्हणून भूकंप उथळ आहे एवढ्यावर थांबून चालत नाही. भ्रंश कोणत्या दिशेने सरकला हेही पाहावे लागते.

किनाऱ्यावरचे महाभूकंप आणि कवचातले उथळ भूकंप यांतला भेद जिवावर बेतणारा आहे. १५ जानेवारी १९४४ च्या सुमारे ७ महत्तेच्या भूकंपाने सान हुआन उद्ध्वस्त केले आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. १९६० च्या महाभूकंपातून बाहेर पडलेल्या ऊर्जेपुढे हा धक्का नगण्य होता. पण तो उथळ होता, शहराच्या जवळ होता आणि घरे कच्च्या विटांची होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत ६.२ महत्तेच्या भूकंपाने जवळपास तेवढेच बळी घेतले, दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. किल्लारीचे कारण वेगळे. तिथे खाली शिरणारी प्लेट नाही. उथळ केंद्र आणि कमकुवत घर यांचा हिशेब मात्र दोन्हीकडे एकच आहे. १९७७ मध्ये सान हुआन प्रांतातच काउसेतेजवळ ७.४ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा बळी सुमारे ६५ होते. त्याचे केंद्र प्रांताच्या राजधानीपासून दूर होते हे खरे, पण तोवर शहर भूकंपरोधक नियमांनी नव्याने बांधलेले होते हेही तितकेच खरे. म्हणून सांतियागोसारख्या शहराने फक्त समुद्राकडून येणाऱ्या महाभूकंपाची तयारी करून भागणार नाही. आठ हजार वर्षांची शांतता सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. ज्या भ्रंशाने डोंगर उचलला, तो डोंगर उभा आहे तोवर त्या भ्रंशाला धोक्याच्या नकाशावर जागा दिलीच पाहिजे.

एक प्रश्न उरतो. पॅसिफिकच्या पश्चिमेला मारियाना खंदकातही प्लेट खाली शिरते, मग तिथे अँडीज का नाही? त्याचा विचार पुढच्या लेखांकात.