विश्लेषण : रास्पबेरी पाय खरेच जळला आहे का? तपासणी कुठून सुरू करावी?

इंजिनीअरिंगच्या प्रकल्पात किंवा घरच्या मीडिया सर्व्हरमध्ये महिनोन्‌महिने बिनबोभाट चालणारा रास्पबेरी पाय एके दिवशी सुरूच होत नाही. लाल दिवा लागतो, पडदा मात्र काळाच. ‘बोर्ड गेला’ असे समजून नवा मागवला जातो आणि कधी कधी नव्या बोर्डावरही तीच रड कायम राहते. कारण दोष चार्जर, कार्ड किंवा जोडलेल्या तारांत असू शकतो. तो नेमका कुठे आहे, हे साध्या मल्टीमीटरच्या मदतीने घरीही बऱ्याच अंशी ओळखता येते.

आधी बोर्डावर संशय का नको?

प्रोसेसर, मेमरी, यूएसबी आणि एचडीएमआय हे सारे एकाच पाटीवर असलेला संगणक म्हणजे सिंगल बोर्ड कॉम्प्युटर. ब्रिटनमधील केंब्रिज येथे विकसित झालेला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीस आला. त्यात हार्ड डिस्क नाही आणि स्वतःचा वीजपुरवठाही नाही. ऑपरेटिंग सिस्टीम सहसा एसडी कार्डवर असते आणि वीज बाहेरच्या अडॅप्टरमधून येते. म्हणजे लवकर बिघडणाऱ्या दोन गोष्टी बोर्डाबाहेरच आहेत. म्हणून आधी जोडलेले सेन्सर, रिले, तारा आणि पेनड्राइव्ह काढून टाका. फक्त बोर्ड, वीज, कार्ड आणि पडदा एवढेच ठेवा.

वीज पुरेशी मिळते का?

पाय ३ साठी २.५ अँपिअर, पाय ४ साठी ३ अँपिअर आणि पाय ५ साठी ५ अँपिअरचा, ५.१ व्होल्टचा अडॅप्टर सुचवलेला आहे. मोबाइलच्या चार्जरवर बोर्ड सुरू होतो, पण काम वाढताच व्होल्टेज खाली येते. लांब आणि बारीक केबलमुळेही तेच होते. व्होल्टेज ४.६३च्या आसपास घसरले की पडद्यावर विजेचे चिन्ह किंवा कमी व्होल्टेजचा इशारा दिसतो. पाय ३ आणि ४ मध्ये लाल दिवाही विझतो किंवा लुकलुकतो.

पाय ४च्या सुरुवातीच्या बोर्डांत यूएसबी-सी जोडणीच्या रचनेत त्रुटी होती. लॅपटॉपसोबत येणाऱ्या काही चिपयुक्त केबल लावल्या की चार्जर त्या बोर्डाला ऑडिओ उपकरण समजे आणि वीजच देत नसे. असा बोर्ड साध्या केबलवर व्यवस्थित चालतो.

हिरवा दिवा काय सांगतो?

पाय ४पर्यंतच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये लाल दिवा विजेचा, तर हिरवा कार्डवरील हालचालीचा असतो. हिरवा दिवा अनियमित लुकलुकत असेल, तर प्रोसेसर जिवंत आहे आणि कार्ड वाचले जात आहे. तो ठरावीक संख्येने पुन्हा पुन्हा लुकलुकत असेल, तर ती सांकेतिक खूण आहे. ४ वेळा म्हणजे सुरुवातीची फाइल सापडली नाही, ७ वेळा म्हणजे कर्नल सापडले नाही. या दोन्हींत संशय कार्डावर जातो. ८ वेळा मात्र मेमरीतील बिघाड दाखवतो आणि तो बोर्डावरचाच असतो.

पाय ३ आणि त्याआधीच्या मॉडेलमध्ये सुरुवातीचा प्रोग्रामही कार्डवरच असतो. त्यामुळे कार्ड खराब असेल तर हिरवा दिवा लागतच नाही. तो मेल्याचा पुरावा नव्हे. पाय ४मध्ये हा प्रोग्राम बोर्डवरील चिपमध्ये असतो. तो बिघडल्यास ‘रास्पबेरी पाय इमेजर’ने कार्डवर दुरुस्तीचा बूटलोडर लिहून तो पूर्ववत करता येतो. काम फत्ते झाले की पडदा हिरवा होतो. पाय ५मध्ये एकच दिवा आहे. लाल म्हणजे बोर्ड बंद अवस्थेत, हिरवा म्हणजे चालू.

कार्ड आणि पडदा कसा तपासायचा?

दुसऱ्या, चांगल्या कार्डवर नवी सिस्टीम लिहून पाहा. जुने कार्ड विंडोज लॅपटॉपला लावले तर ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असे विचारले जाते. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे ‘हो’ म्हटले की प्रकल्पाचा सगळा डेटा जातो. पाय ४ला दोन मायक्रो एचडीएमआय आहेत. वीज जोडणीच्या जवळच्या जोडणीत केबल लावा.

मल्टीमीटर निर्णायक का?

दिवा लागला म्हणजे बोर्ड ठीक, असे नाही. आत येणाऱ्या ५ व्होल्टपासून बोर्ड ३.३ व्होल्ट आणि त्याहून कमी व्होल्टेज तयार करतो. मीटरची काळी तार यूएसबी जोडणीच्या धातूच्या कवचाला लावा. पिन ४वर साधारण ५ व्होल्ट आणि पिन १७वर ३.३ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ५ व्होल्ट आहेत पण ३.३ नाहीत, शिवाय एखादी चिप काही सेकंदांत चटका बसेल इतकी तापते, तर वीज नियंत्रित करणारी चिप किंवा प्रोसेसर गेल्याची शक्यता मोठी. ३.३ व्होल्टसाठी पिन १ मुद्दाम टाळावी. तिच्या शेजारीच ५ व्होल्टची पिन २ आहे. मीटरचे टोक घसरून या दोन्ही एकमेकींना टेकल्या, तर धडधाकट बोर्डही क्षणात जळतो.

बोर्ड खरोखर जळतो कशाने?

बोर्डावरील ४० पिनांपैकी जीपीआयओ पिना प्रोसेसरशी जवळजवळ थेट जोडलेल्या असतात आणि ३.३ व्होल्टसाठीच बनवलेल्या असतात. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमी दिसतो. त्याची इको पिन ५ व्होल्ट देते. १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ते ३.३ व्होल्टवर आणावे लागतात. कधी कधी एकच पिन मरते आणि बाकी बोर्ड चालतो. शंका असलेली पिन आउटपुट करून चालू-बंद करावी. मीटरवर आळीपाळीने ३.३ आणि शून्य दिसले नाही, तर ती पिन सोडून दुसरी वापरता येते.

नवा बोर्ड घेण्यापूर्वी काय?

प्रोसेसर गेला असेल तर दुरुस्ती परवडत नाही. कंपनी संपूर्ण आराखडे देत नसल्याने इतर दुरुस्तीही अवघड जाते. तरीही नवा बोर्ड जुन्याच जोडणीला लावू नका. ज्या तारेने पहिला जाळला, तीच दुसराही जाळेल. आधी प्रत्येक तार तपासा आणि ५ व्होल्टची तार जीपीआयओ पिनेला लागलेली नाही ना, याची खात्री करा. जुन्या बोर्डातले कार्ड मात्र जपून ठेवा. बोर्ड जळला तरी कार्डावरचे काम बहुधा शाबूत असते आणि त्याच मॉडेलच्या नव्या बोर्डात ते जसेच्या तसे चालू शकते.