एक संगणक, अनेक ई-मेल खाती : एकत्र पाहणे आणि एकत्र करणे यांतील भेद

सारांश :
महाविद्यालयीन प्राध्यापकांना आज एकाच वेळी व्यक्तिगत, संस्थात्मक व पदनिहाय अशी अनेक ई-मेल खाती सांभाळावी लागतात. ही सर्व खाती संगणकावरील एकाच टपाल-प्रणालीत कशी हाताळता येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात थंडरबर्ड या मुक्त प्रणालीच्या आधारे केले आहे. खाती एका ठिकाणी पाहणे आणि त्यांतील पत्रे एकमेकांत मिसळणे या दोन भिन्न क्रिया असून, पहिली सोयीची तर दुसरी संस्थेच्या अभिलेखांना बाधक ठरू शकते, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजशब्द : ई-मेल, आयमॅप, पॉप, थंडरबर्ड, पदनिहाय खाते, अभिलेख

प्रस्तावना :
प्राध्यापकाचा पत्रव्यवहार आता एका पत्त्यापुरता मर्यादित राहिलेला नाही. आप्तेष्ट, बँक व प्रकाशक यांच्यासाठी एक व्यक्तिगत खाते असते. संस्थेच्या डोमेनवर दुसरे खाते मिळते. विभागप्रमुख, परीक्षा अधिकारी किंवा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक अशी जबाबदारी आली की त्या पदाचे तिसरे खाते हाती येते. ही खाती ब्राउझरमध्ये आळीपाळीने उघडण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तथापि तीत काही धोके संभवतात. क्वचित उघडल्या जाणाऱ्या खात्यात आलेल्या परिपत्रकाची मुदत उलटून जाते. परीक्षाविषयक गोपनीय पत्राचे उत्तर अनवधानाने व्यक्तिगत खात्यातून जाते. समन्वयक बदलला की त्याच्या व्यक्तिगत खात्यात साठलेला पत्रव्यवहार संस्थेला उपलब्ध राहत नाही. यास्तव हा प्रश्न केवळ सोयीचा नसून जबाबदारीचाही आहे.

पार्श्वभूमी :
संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांमध्ये '@' हे चिन्ह वापरण्याची पद्धतही त्यांचीच. पत्र पाठविण्याचा 'एसएमटीपी' हा नियमसंच १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आलेले पत्र सर्व्हरवरून उतरवून घेण्यासाठी १९८४ मध्ये 'पॉप' हा नियमसंच मांडण्यात आला, तर पत्र सर्व्हरवरच ठेवून ते दुरून हाताळण्यासाठी मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये 'आयमॅप'ची रचना केली. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'युडोरा' ही टपाल-प्रणाली लिहिली. मोझिलाच्या 'थंडरबर्ड'ची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. ही प्रणाली विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. प्रस्तुत विवेचनासाठी तिची निवड याच कारणाने केली आहे.

पॉप व आयमॅप : मूलभूत निवड
खाते जोडताना पहिला निर्णय करावा लागतो तो पॉप की आयमॅप, याचा. पॉप पद्धतीत पत्र सर्व्हरवरून संगणकावर उतरते. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय निवडला नसेल, तर सर्व्हरवरील मूळ पत्र काढून टाकले जाते. त्यानंतर त्या पत्राची एकमेव प्रत संगणकाच्या हार्डडिस्कवर राहते. डिस्क निकामी झाल्यास अनेक वर्षांचा पत्रव्यवहार एका क्षणात नाहीसा होऊ शकतो.

आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते व संगणक त्याचे प्रतिबिंब दाखवितो. विभागातील संगणकावर वाचलेले पत्र घरच्या संगणकावरही 'वाचलेले' दिसते. एकापेक्षा अधिक यंत्रांवर काम करणाऱ्या प्राध्यापकास आयमॅपच सोयीचे होय. मात्र आयमॅप म्हणजे सुरक्षित प्रत, हा समज योग्य नाही. एका यंत्रावर काढून टाकलेले पत्र सर्व यंत्रांवरून जाते, कारण मूळ पत्रच काढले गेलेले असते.

खाती जोडण्याची प्रक्रिया :
थंडरबर्डमध्ये नवीन खाते जोडताना नाव व ई-मेल पत्ता दिला की प्रचलित सेवांच्या बाबतीत सर्व्हरचे तपशील प्रणाली स्वतःच शोधते. संस्थेचा स्वतंत्र सर्व्हर असल्यास ते तपशील संगणक विभागाकडून घ्यावे लागतात. सुरक्षित जोडणीसाठी सामान्यतः आयमॅपला ९९३, पॉपला ९९५ आणि पत्र पाठविण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट क्रमांक वापरले जातात.

येथे एक बदल ध्यानात घेणे आवश्यक आहे. पूर्वी पासवर्ड दिला की टपाल-प्रणालीस प्रवेश मिळत असे. गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी केवळ नेहमीच्या पासवर्डवर चालणारा हा मार्ग मे २०२२ अखेर बंद केला, तर मायक्रोसॉफ्टने संस्थांच्या खात्यांबाबत ऑक्टोबर २०२२ पासून तसाच बदल सुरू केला. आता सेवेचे अधिकृत पान उघडते, वापरकर्ता तेथे ओळख पटवितो आणि टपाल-प्रणालीस मर्यादित परवाना मिळतो. या पद्धतीस 'ओऑथ' म्हणतात. जुन्या संगणकावर पूर्वी सुरळीत चालणारे खाते अकस्मात बंद पडले, तर त्याचे कारण अनेकदा हेच असते. अशा वेळी प्रणालीची नवी आवृत्ती घेऊन खात्याच्या मांडणीत ओळख पटविण्याची पद्धत बदलावी लागते.

एकत्र पाहणे आणि एकत्र करणे :
अनेक खाती जोडल्यानंतर डावीकडील स्तंभात प्रत्येक खात्याचे फोल्डर स्वतंत्रपणे दिसतात. यापुढे दोन मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग 'एकत्रित फोल्डर' या दृश्याचा. यात सर्व खात्यांचे इनबॉक्स एका यादीत दिसतात. परंतु ही यादी म्हणजे केवळ एक शोध-दृश्य असते. प्रत्येक पत्र प्रत्यक्षात आपापल्या खात्यातच राहते. हे दृश्य बंद केले की सर्व मांडणी पूर्ववत दिसते.

दुसरा मार्ग पॉप खात्यांसाठी आहे. यात अनेक खात्यांची पत्रे एकाच सामाईक इनबॉक्समध्ये उतरवून घेता येतात. येथे पत्रे खरोखरच एकत्र होतात. सहा महिन्यांनी त्यांतील पदाची पत्रे कोणती व व्यक्तिगत कोणती, हे पत्रागणिक तपासून वेगळे करावे लागते. एका आयमॅप खात्यातील पत्र दुसऱ्या खात्याच्या फोल्डरमध्ये हलविल्यासही असेच घडते. ते एका सर्व्हरवरून निघून दुसऱ्या सर्व्हरवर नोंदले जाते. संस्थेचे पत्र अशा रीतीने व्यक्तिगत खात्यात गेले की ते संस्थेच्या ताब्यातून गेले, असेच समजावे लागेल.

कार्यालयीन परिभाषेत सांगावयाचे तर, निरनिराळ्या कपाटांतील फायली एका टेबलावर घेऊन वाचणे वेगळे आणि त्यांची पाने एका फायलीत लावणे वेगळे. पहिल्याने काम हलके होते, दुसऱ्याने अभिलेख बिघडतो.

उत्तर पाठविताना घ्यावयाची दक्षता :
एखाद्या पत्राला उत्तर देताना प्रणाली सामान्यतः ज्या खात्यात ते पत्र आले त्याच खात्याचा पत्ता प्रेषक म्हणून निवडते. नवे पत्र लिहिताना मात्र त्या क्षणी निवडलेले खाते किंवा मूळ खाते गृहीत धरले जाते. बहुतांश चुका नव्या पत्राच्या बाबतीत संभवतात, त्या यामुळेच. पत्र पाठविण्यापूर्वी 'प्रेषक' ही ओळ वाचण्याची सवय हा त्यावरील सर्वांत सोपा उपाय होय. प्रत्येक खात्यास वेगळी स्वाक्षरी जोडल्यास आणखी एक खूण मिळते. पदाच्या खात्याखाली पदनाम व विभाग असावा, व्यक्तिगत खात्याखाली केवळ नाव असावे.

प्रत्येक खात्याला त्याचाच जावक सर्व्हर जोडलेला आहे, याचीही खात्री करावी. संस्थेचा पत्ता दाखवून पत्र अन्य सेवेच्या सर्व्हरमार्फत गेले, तर पत्र मिळविणारा सर्व्हर त्याच्या अधिकृततेविषयी शंका घेतो व ते स्पॅममध्ये टाकण्याची शक्यता वाढते. काही सेवा तर प्रेषकाचा पत्ताच परस्पर बदलतात. पाठविलेल्या पत्राची प्रत त्याच खात्याच्या फोल्डरमध्ये राहील, अशी मांडणी असावी. अन्यथा आवक पत्र एका खात्यात व त्याचे उत्तर दुसऱ्यात, अशी स्थिती उद्भवते.

चाळणी व वर्गीकरण :
थंडरबर्डमध्ये प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र चाळण्या तयार करता येतात. विद्यापीठाच्या पत्त्यावरून आलेली पत्रे 'परिपत्रके' या फोल्डरमध्ये जावीत, असा नियम एकदा दिला की पुढील वर्गीकरण आपोआप होते. तथापि नियमाचे लक्ष्य त्याच खात्यातील फोल्डर असावे. शिवाय महत्त्वाची पत्रे दृष्टीआड करणाऱ्या चाळणीपेक्षा त्यांना रंगीत खूणपट्टी लावणारी चाळणी अधिक उपयुक्त ठरते.

सुरक्षा, प्रत व हस्तांतर :
सर्व खाती एका प्रणालीत आली की त्या संगणकाचे मोलही वाढते. जतन केलेले पासवर्ड त्याच संगणकावर बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीस पाहता येऊ शकतात. म्हणून प्रणालीतील 'मुख्य पासवर्ड'ची सोय वापरावी. विभागातील सामाईक संगणकावर व्यक्तिगत खाते जोडूच नये, हे इष्ट.

थंडरबर्डचा सर्व मजकूर 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये असतो. प्रणाली बंद करून त्याची प्रत बाह्य डिस्कवर ठेवणे, हा बॅकअपचा सोपा मार्ग आहे. प्रणालीतून खाते काढताना विशेष सावधगिरी हवी. आयमॅप खाते काढले तरी सर्व्हरवरील पत्रे राहतात. पॉप खात्यासह संगणकावरील मजकूरही पुसण्याचा पर्याय निवडल्यास एकमेव प्रत नष्ट होऊ शकते.

पदाची सूत्रे सोपविताना वा सेवानिवृत्तीच्या वेळी खात्यांचे हे वेगळेपण विशेष उपयोगी पडते. पदनिहाय खाते पुढील व्यक्तीकडे सुपूर्द करावयाचे, त्याचा पासवर्ड बदलावयाचा आणि जुन्या संगणकावरून ते काढावयाचे, एवढेच काम उरते. संस्थेच्या नावे असलेल्या खात्यातील स्वतःची खाजगी पत्रे मात्र ते खाते बंद होण्यापूर्वीच नियमांच्या मर्यादेत वेगळी करून घ्यावीत.

देवनागरी मजकुराचा प्रश्न :
मराठी पत्रव्यवहारात आणखी एक अडचण येते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर पत्रात चिकटविला, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. अशा पत्रांत मराठी शब्दाने शोधही घेता येत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेले व 'यूटीएफ-८' संकेतनात पाठविलेले पत्र कोणत्याही अद्ययावत प्रणालीत वाचता येते. अनेक खात्यांतून जुने पत्र शोधावयाचे असेल, तर ही बाब निर्णायक ठरते.

समारोप :
टपाल-प्रणाली बदलत राहतात. युडोरा व आउटलुक एक्सप्रेस या एकेकाळच्या लोकप्रिय प्रणाली आज वापरातून गेल्या आहेत, आणि विंडोजमधील 'मेल' या प्रणालीचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपले. म्हणून एखाद्या विशिष्ट प्रणालीची बटणे पाठ करण्यापेक्षा तिच्यामागील तत्त्व समजून घेणे श्रेयस्कर आहे. मूळ पत्र कोठे आहे, उत्तर कोणत्या नावाने जात आहे आणि हा पत्रव्यवहार उद्या कोणाला लागणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे स्पष्ट असतील, तर खाती कितीही असली तरी ती एका पडद्यावर निर्धोकपणे हाताळता येतील. पाहण्याची सोय एक असावी, पण प्रत्येक पत्राचे घर त्याचेच असावे.