परांचीवर माणसे हवीत
(लेखमाला : वेशीपलीकडची कामे – लेखांक 6, आयर्लंड)

गेल्या आठवड्यात आपण जर्मनीचा विचार केला. तिथे बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये केलेला करार हा आपल्या तरुणांसाठी एक आधार होता. आयर्लंडची वाट वेगळी आहे. एखाद्या आयरिश मालकाने दिलेली नोकरी आणि त्या नोकरीच्या नावाने मिळणारे वर्क परमिट, याच मार्गाने बहुतेकांना जावे लागते. म्हणून त्या देशात काम कशाचे निघाले आहे आणि माणसे का कमी पडली, हे समजून घेतल्याशिवाय नोकरीची जाहिरात वाचण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की आयर्लंड हा शतकानुशतके बांधकाम कामगार बाहेर पाठवणारा देश. इंग्लंडचे कालवे आणि लोहमार्ग खणणाऱ्यांत आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन पुन्हा उभे राहिले, तेव्हा क्रिकलवूड आणि किलबर्न या भागांत आयरिश कामगारांच्या वसाहतीच झाल्या. विसाव्या शतकाच्या शेवटी देशात पैसा आला आणि प्रवाह उलटा फिरला. पोलंड, लिथुआनियातून गवंडी आणि सुतार डब्लिनला येऊ लागले. 2006 साली जेमतेम 42 लाख वस्तीच्या या देशात वर्षभरात 80 हजारांहून अधिक घरे बांधून झाली. बांधकामात तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसे होती.

2008 मध्ये हे सारे कोसळले. बँकांनी बिल्डरांना वाटलेली कर्जे बुडाली, 2010 च्या नोव्हेंबरात देशाला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागावी लागली. त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीत 2,800 हून अधिक गृहसंकुले अर्धवट सोडलेली आढळली. 2013 साली वर्षभरात पाच हजारदेखील नवी घरे झाली नाहीत. बांधकामातला रोजगार दोन-तृतीयांशाच्या आसपास घटला. कारागीर ऑस्ट्रेलियाला गेले, कॅनडाला गेले, पुन्हा लंडनला गेले, आणि शिकाऊ मुलांनी या धंद्याकडे पाठ फिरवली.

आजच्या भरतीचे मूळ या पाच-सहा वर्षांत आहे. 2010 साली जो मुलगा विशीत होता आणि साइटवर लागायला हवा होता, तो आज पस्तिशीचा, म्हणजे फोरमन किंवा साइट मॅनेजर झाला असता. तो थरच मधून नाहीसा झाला आहे. साठीकडे झुकलेले जुने कारागीर आणि नुकतीच पदवी घेतलेली मुले दिसतात, पण मधला अनुभवी माणूस सापडत नाही. आयर्लंडच्या जाहिरातींत आठ-दहा वर्षांचा अनुभव पुन्हा पुन्हा मागितला जातो, त्याचे कारण मला यातच दिसते. पुण्यात किंवा नव्या मुंबईत दहा वर्षे उंच इमारतींवर काढलेल्या अभियंत्याला म्हणूनच कालच्या पदवीधरापेक्षा तिथे जास्त वाव आहे.

काम भरपूर आहे, यात शंका नाही. 2024 मध्ये 30 हजारांच्या थोडी वर घरे पूर्ण झाली. सरकारचे उद्दिष्ट 2030 अखेरपर्यंत तीन लाख घरांचे आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 50 हजार. त्यासाठी लागणारी माणसे आज देशात नाहीत. रोजगार पावणेदोन लाखांच्या घरात आला असला, तरी 2007 ची पातळी अजून दूर आहे. शिवाय 2025 च्या जुलैत सरकारने 2035 पर्यंतच्या विकास आराखड्यासाठी 275 अब्ज युरोंची तरतूद जाहीर केली. पाणी, वीज, रेल्वे यांची कामे त्यात येतात. स्वोर्ड्स ते शार्लमाँट हा जवळपास 19 किलोमीटरचा डब्लिनचा मेट्रोलिंक मार्ग वर्षानुवर्षे कागदावर होता, त्याला 2025 च्या ऑक्टोबरात नियोजन आयोगाची मंजुरी मिळाली.

पण 'आयर्लंडमध्ये बांधकामाला माणसे हवीत' या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळे धंदे दडले आहेत. आपल्याकडच्या माणसाने आपले कौशल्य त्यांतल्या कशाला लागू पडते, हे आधी तपासावे. आपल्या शहरांतले काम आरसीसीचे. सेंट्रिंग, सळया बांधणे, स्लॅब टाकणे यांत आपला कारागीर तयार असतो. आयर्लंडचे नेहमीचे घर मात्र दुमजली, जोडून बांधलेले. त्याच्या भिंती काँक्रीटच्या ब्लॉकच्या दोन पदरी, मध्ये उष्णतारोधक थर, किंवा आता वाढत्या प्रमाणात कारखान्यात तयार झालेल्या लाकडी सांगाड्याच्या. आत वाळू-सिमेंटच्या प्लास्टरऐवजी बहुधा जिप्समचे बोर्ड. 2019 पासून नव्या घरांना जवळजवळ शून्य ऊर्जावापराचा दंडक आहे, त्यामुळे भिंतीतून हवा गळते का, याची चाचणी होते. वीस वर्षे वीटकाम केलेल्या गवंड्यालाही हे नव्याने शिकावे लागेल. शिकता येते, पण पहिल्या महिन्यात वेग कमी पडतो आणि तिथला उपकंत्राटदार वेगावरच माणूस जोखतो.

आरसीसीचे कौशल्य लागते ते डब्लिन आणि कॉर्कच्या अपार्टमेंट इमारतींत, पुलांवर आणि मोठ्या औद्योगिक कामांवर. औद्योगिक कामे हा आयर्लंडचा खरा बालेकिल्ला आहे. लेक्सलिपला इंटेलने 17 अब्ज युरो खर्चून चिप कारखाना वाढवला, त्यातला फॅब 34 हा नवा विभाग 2023 मध्ये सुरू झाला. औषध कंपन्यांचे प्रकल्प कॉर्क परिसरात आहेत. डेटा सेंटरच्या कामांतून मर्क्युरी, कर्बी, जोन्स इंजिनिअरिंग अशा यांत्रिकी-विद्युत कंपन्या इतक्या तरबेज झाल्या की आता त्या युरोपभर कामे घेतात. डब्लिन परिसरात वीजपुरवठ्याच्या टंचाईमुळे नव्या डेटा सेंटरना 2021 नंतर वीजजोडणी मिळणे अवघड झाले, तेव्हा या कंपन्यांनी आपली माणसे इतर देशांत हलवली. पाइप फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, एमईपी अभियंता यांनी अशा कंपनीत अर्ज करताना नेमणूक आयर्लंडमध्येच आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. आयरिश परमिट दुसऱ्या देशात काम करण्याचा हक्क देत नाही.

जुन्या घरांच्या दुरुस्तीचे कामही मोठे आहे. 2030 पर्यंत पाच लाख घरांची ऊर्जासुधारणा आणि चार लाख हीट पंप असे सरकारी लक्ष्य आहे. डोनेगल आणि मेयो परगण्यांत सदोष काँक्रीट ब्लॉकमुळे भिंती तडकलेली हजारो घरे सरकारी अनुदानातून पाडून पुन्हा बांधायची आहेत. ही कामे छोट्या कंत्राटदारांची असतात आणि परदेशातून माणूस आणण्याचा कागदोपत्री खटाटोप छोटा कंत्राटदार क्वचितच करतो.

आता परमिटकडे वळू. 2024 मध्ये आयर्लंडने 38 हजारांहून अधिक वर्क परमिटे दिली. त्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, पण त्यांतले बहुतेक आरोग्यसेवा आणि आयटीतले. (परमिट देणारे उद्योग खाते 2020 ते 2022 या काळात लिओ वराडकरांकडे होते. त्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.) बांधकामासाठी दोन दारे आहेत. सिव्हिल अभियंता, क्वांटिटी सर्व्हेअर, प्रकल्प व्यवस्थापक अशांसाठी क्रिटिकल स्किल्स परमिट. यात कुटुंबाला लगेच बरोबर नेता येते आणि दोन वर्षांनंतर परमिटची अटच उरत नाही. गवंडी, सुतार, प्लंबर, प्लास्टर करणारे यांच्यासाठी जनरल परमिट. अलीकडच्या वर्षांत यांतले अनेक व्यवसाय परमिट न मिळणाऱ्या कामांच्या यादीतून वगळले गेले, म्हणून हे दार उघडले. बिगारी कामाला मात्र ते बहुधा बंदच असते. जनरल परमिटवर कुटुंब आणायला सर्वसाधारणपणे वर्षभर थांबावे लागते. दोन्ही परमिटांत पहिल्या मालकाकडे नऊ महिने काढल्यावर मालक बदलता येतो. ही सवलत 2024 च्या नव्या कायद्याने दिली आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण वाईट मालकाच्या हातात अडकून पडण्याचे भय तिने कमी केले.

पगाराचा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावा. आयर्लंडमध्ये बांधकामासाठी वेगळा वेतन आदेश आहे. लेबर कोर्ट शिफारस करते, मंत्री सही करतात आणि मग तो सगळ्या मालकांवर बंधनकारक होतो. देशाचे किमान वेतन 2025 मध्ये तासाला 13.50 युरो होते, पण तयार कारागिराचा दर या आदेशाने 20 युरोंच्या वर आहे. तो 20 जरी धरला, तरी आठवड्याचे 39 तास आणि वर्षाचे 52 आठवडे मिळून 40,560 युरो होतात. जनरल परमिटसाठी लागणारे किमान वार्षिक वेतन 2024 मध्ये 34,000 युरो होते आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवायचे ठरले. यातला फरक नीट पाहा. एखादा एजंट गवंड्याला किंवा सुताराला 'परमिटपुरता' 34,000 चा पगार सांगत असेल, तर तो कायद्याने ठरलेल्या दरापेक्षा कमी सांगतो आहे. आपल्या रुपयांत आकडा मोठा दिसतो आणि माणूस तिथेच फसतो.

कायदा आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. परमिटचा किंवा भरतीचा खर्च मालकाला कामगाराच्या पगारातून कापता येत नाही आणि पासपोर्ट ताब्यात ठेवता येत नाही. भारतात परदेशी नोकरी देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांत बोलणाऱ्या माणसाला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळा.

कागदपत्रांत अभियंत्यांनी एक पाहावे. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 पासून सदस्य आहे, आयर्लंड पहिल्यापासून. पण एनबीएच्या टियर 1 मान्यतेतल्या अभ्यासक्रमांनाच या कराराचा लाभ मिळतो. 'चार्टर्ड इंजिनिअर' ही उपाधी लावायची तर हे लागू पडते, साध्या नोकरीला नाही. क्वांटिटी सर्व्हेअरने 2007 च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय ते पदनाम वापरू नये. साइटवर पाऊल ठेवण्यापूर्वी सर्वांना सेफ पास लागतो. एका दिवसाचे प्रशिक्षण, चार वर्षांची मुदत. क्रेन, पोकलेन चालवणाऱ्यांना आणि परांची उभारणाऱ्यांना त्याशिवाय वेगळे कौशल्य कार्ड लागते. आपल्याकडचा अनुभव कितीही असो, ते कार्ड असल्याशिवाय यंत्रावर बसू देत नाहीत.

आणि राहायचे कुठे? घरे बांधायला माणूस हवा आणि त्या माणसालाच घर मिळत नाही, अशी आज डब्लिनची अवस्था आहे. पूर्ण घराचे सरासरी भाडे महिन्याला 2,000 युरोंच्या पुढे गेले आहे. त्यामुळे सारखीच नोकरी डब्लिनलाही आणि लिमरिकलाही मिळत असेल, तर लिमरिकची घ्यावी असे माझे मत आहे, भले पगार थोडा कमी का असेना. पहिल्या तीन महिन्यांच्या निवाऱ्याची सोय मालक करतो का, हे पगाराच्या आधी विचारावे. अनेक मोठे कंत्राटदार आता ती करतात, कारण त्याशिवाय माणूस टिकत नाही हे त्यांना कळले आहे.

तेजी-मंदीचा धोका अजून संपलेला नाही. खासगी गृहबांधणी व्याजदर वाढले की मंदावते, सरकारी पैशावर चालणारी पाणी, वीज आणि रेल्वेची कामे तेवढी लगेच थांबत नाहीत. दोन प्रस्ताव हातात असतील तर कंपनीच्या हातातली कामे कोणाची आहेत, पुढच्या तीन वर्षांसाठी कोणती कंत्राटे मिळाली आहेत, हे मुलाखतीत उघडपणे विचारावे. आयरिश मालक या प्रश्नाने नाराज होत नाही. 2008 त्यालाही चांगले आठवते.

पुढील लेखांकात : आयर्लंडमध्ये मास्टर्स करून मग नोकरी शोधणाऱ्या आपल्या सिव्हिल अभियंत्यांचे गणित.