व्याख्यानातील हुंकार

आजीने गोष्ट सांगावी आणि नातवंडाने वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणावे, ही आमच्या घरांतील जुनी रीत. हुंकार थांबला की गोष्टही थांबे. पोर झोपले हे आजीस अंधारातही कळे. कीर्तनकार बुवांचेही तसेच. मंडपात पेंग दिसू लागली की ‘बोला पुंडलिक वरदे’चा पुकारा होई आणि श्रोत्यांस आपला स्वर मिसळणे भाग पडे. ऐकणारा ऐकतो आहे की नाही, याची खातरजमा सांगणाऱ्याने वारंवार करून घ्यावी, हा धडा इतका जुना आहे. पडद्यावरून शिकविताना मात्र आपण नेमका तोच विसरलो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शिक्षण एकाएकी भ्रमणध्वनीवर गेले. सत्तरी, सांगे भागांतील मुले संपर्कलहरींच्या शोधात डोंगर चढत असल्याच्या वार्ता त्या वर्षी सर्वांनी वाचल्या. त्याच वर्षी गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिश्टावो’ हा उपक्रम हाती घेतला आणि राज्यातील महाविद्यालयांच्या प्राध्यापकांचीच व्याख्याने चित्रित करून सर्वांस मोफत खुली केली. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले, तरी चित्रित व्याख्यान टिकून राहिले. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या व्यासपीठावरून सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी दिली आहे. तेव्हा पेडण्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय असो, साखळीचे शासकीय महाविद्यालय असो, की डिचोलीचे नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय असो, तेथील विद्यार्थ्याच्या पदवीचा मोठा भाग पडद्यावरून येऊ शकतो. तो त्याच्या डोक्यात शिरतो की केवळ डोळ्यांसमोरून सरकतो, हा प्रश्न म्हणूनच गौण नव्हे.

दुरून शिकविण्याचे प्रयोग आपल्या देशास नवे नाहीत. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. १९८४ पासून अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर भरू लागला. परंतु तो पडदा एकमार्गी होता. तो सांगत असे, विचारू शकत नसे. आजचा पडदा विचारू शकतो. तरीही आपण त्याच्याकडून कालचेच काम करून घेत आहोत.

विचारण्याने काय साधते, याचा पुरावा उपलब्ध आहे. २०१३ साली स्पुनार, खान आणि शॅक्टर या संशोधकांनी संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे चित्रित व्याख्यान चार भागांत विभागले. ज्यांना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, त्यांचे चित्त इतरांच्या निम्म्याहून कमी वेळा भरकटले. त्यांनी टिपणे अधिक घेतली आणि अखेरच्या परीक्षेतही ते सरस ठरले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ‘एडेक्स’वरील चित्रफिती पाहिल्या गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. सहा मिनिटांहून आखूड चित्रफितींवरच विद्यार्थ्यांचे लक्ष अधिक टिकते, असे त्यातून दिसले. तासाभराचे व्याख्यान अखंड चित्रित करून ठेवणे ही विद्यार्थ्याची सोय नव्हे, ती आपली सोय आहे.

एक उदाहरण घ्यावे. वाणिज्य शाखेचे प्राध्यापक घसारा शिकवीत आहेत. ५० लाखांची एक बार्ज, दर १० टक्के, पद्धत घटत्या शिलकीची. पाच मिनिटांनी चित्र थांबते व प्रश्न येतो : दुसऱ्या वर्षाचा घसारा किती? उत्तर साडेचार लाख. ज्याने पाच लाख लिहिले, त्याने मूळ किमतीवरच पुन्हा आकारणी केली, हे तत्काळ उघड होते. त्याला ‘चूक’ एवढेच न सांगता तो भाग पुन्हा दाखविता येतो. वर्गात किती जण तेथे अडखळले, याचा तक्ता प्राध्यापकांस दुसऱ्या दिवशीच्या तासापूर्वी मिळतो. यासाठी लागणारी ‘एचफाइव्हपी’सारखी साधने मोफत उपलब्ध असून ती ‘मूडल’ प्रणालीत बसविता येतात. अडचण पैशाची नाही. चांगला प्रश्न योजण्यास लागणाऱ्या वेळेची आहे. महाविद्यालयांनी तो वेळ प्राध्यापकांच्या कामात धरला पाहिजे.

मात्र या प्रश्नांस पहारेकरी करू नये. हजेरीसाठी आणि गुणांसाठी प्रश्न घातले की उत्तरे त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरू लागतील, आणि विद्यार्थी विचार न करता बोट दाबून पुढे सरकेल. चुकण्याची किंमत मोजावी लागली, तर चुकून शिकण्याचे धैर्य कोण करील? प्रश्न थोडे असावेत, बिनगुणांचे असावेत. इंग्रजी व्याख्यानातील प्रश्नाचे स्पष्टीकरण मराठी व कोकणीतही असावे. आणि जेथे जोडणी वारंवार तुटते, तेथे तीच चित्रफीत उतरवून घेण्याची सोय व कोणत्या मिनिटाला थांबून काय सोडवायचे याचा छापील कागद द्यावा. साधनांअभावी मागे पडणाऱ्यास नव्या साधनाने आणखी मागे ढकलणे, हा अन्याय होईल.

जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. पाळीचे काम करून शिकू पाहणाऱ्या पेडण्याच्या तरुणास रात्री दहा वाजता ऐकता येणारे व्याख्यान हा आधार आहे. पण दिवसभराच्या श्रमाने त्याचे डोळे मिटत असतील, हेही आपण जाणले पाहिजे. त्या वेळी पडद्याने त्याला थांबवून काही विचारावे, आणि सकाळी वर्गात प्राध्यापकांनी त्याच्या चुकलेल्या उत्तरापासूनच आरंभ करावा. यंत्राने प्रश्न विचारला, तरी हुंकार ऐकायला माणूसच हवा.