दोन पोंगे वाळले, तर किती रुपये गेले?



सुरू लागणीचा ऊस दीड-दोन महिन्यांचा झाला आणि उन्हाचा तडाखा वाढला, की सरीत मधूनच एखादा पोंगा वाळलेला दिसतो. ओढला तर सहज हातात येतो. त्याला कुजका वास येतो. हीच खोडकीड. शिवारफेरीत एका आबांना असे पोंगे दाखवले. ते हसून म्हणाले, "साहेब, दोन-चार पोंगं वाळलं म्हणून काय झालं? ऊस हाय, परत फुटतोय की!"

आबांचं अर्धं खरं आहे. ऊस परत फुटतो. उरलेलं अर्धं मात्र काट्यावर कळतं. म्हणून बांधावरच हिशेब मांडला.

चार फुटी सरी धरली तर एकरात सुमारे 10,890 फूट सरी बसते. दर दहा फुटांत तोडणीला फक्त दोन ऊस कमी भरले, तरी एकरी 2,178 ऊस गेले. एक ऊस दीड किलोचा धरा, सव्वातीन टन झाले. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला 3,400 रुपये होती. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा करण्याआधी 11 हजार रुपये! खत तेवढंच, पाणी तेवढंच, मशागतही तेवढीच. आबांची तंबाखू मळायची थांबली.

हे झालं वजनाचं. साखरेचं नुकसान वेगळंच आहे. मोड झाल्यावर उशिरा आलेला फुटवा जागा भरतो, पण तोडणीला कोवळाच असतो. कोवळ्या उसात साखर कमी. पुढे कांडी कीड कांड्या पोखरते, तेव्हा वजन घटतं आणि रसाची शुद्धताही बिघडते. असा ऊस काट्यावर खपून जातो, पण कारखान्याचा उतारा खाली ओढतो. एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. त्याच हंगामात 10.25 च्या वरच्या प्रत्येक 0.1 टक्का उताऱ्याला टनामागे 33 रुपये 20 पैसे जादा होते. तेव्हा तुमच्या रानातल्या किडीचा भुर्दंड शेजाऱ्यालाही बसतो, आणि त्याच्या रानातल्या किडीचा तुम्हाला.

कीड बांध ओळखत नाही. 2002 साली सांगली भागात दिसलेला लोकरी मावा कसा पसरला, हे जुन्या बागायतदारांना सांगायला नको. म्हणून उपायही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून करावेत. वाळलेला पोंगा अळीसह जमिनीलगत कापून नष्ट करावा. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये. सरीत पाचट पसरावे. दीड महिन्याला बाळबांधणी करावी. लागणीनंतर महिन्याभराने एकरी एक ट्रायकोकार्ड, असे दर दहा दिवसांनी, संध्याकाळच्या वेळी पानाच्या खालच्या बाजूला टाचावे. त्या दिवसांत विषारी औषध फवारू नये, नाहीतर मित्रकीटकच मरतील.

आणि एक काम उद्याच करा. दहा फुटांची दोरी घ्या, रानात पाच ठिकाणी धरा, वाळलेले पोंगे मोजा आणि कागदावर मांडा. आकडा जास्त वाटला तर तो कागद घेऊन कारखान्याच्या शेती विभागात किंवा आमच्याकडे या. काट्यावर गेल्यावर मोजून उपयोग नाही.