सायकलस्वाराचे कॉलर बोन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधोमध असलेल्या हाडाच्या, वरच्या टोकापासून खांद्याच्या टोकापर्यंत आडवे जाणारे, किंचित नागमोडी वळणाचे जे हाड त्वचेखाली बोटांनी सहज चाचपता येते, त्याला शरीररचनाशास्त्रात जत्रुक म्हणतात. सुश्रुतसंहितेत त्याचे नाव अक्षक असे आहे, जुन्या मराठीत ते हासळी आणि आजच्या बोलण्यात कॉलर बोन. हाताला धडाशी हाडानेच जोडणारा हा एकमेव दुवा होय, कारण पाठीवरचे खांद्याचे पाते बरगड्यांवर केवळ स्नायूंच्या आधाराने सरकत असते. आडव्या टेकूप्रमाणे जत्रुक खांद्याला छातीपासून दूर धरून ठेवते, आणि म्हणूनच ते मोडले की खांदा खाली व पुढे ओघळतो. सायकलच्या अपघातांत हे हाड वारंवार मोडते; मात्र त्याचा उपचार वरकरणी इतका साधा दिसतो की त्याविषयी शंका आणि समजुती दोन्ही फोफावतात. वेदना थांबणे, हाड जुळणे आणि खांद्यात बळ परतणे या तीन वेगवेगळ्या गतींनी चालणाऱ्या क्रिया असताना त्यांना एकच मानणे, हे यांपैकी बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

गैरसमज १ : पडताना हात जमिनीवर टेकल्यामुळेच हे हाड मोडते.

वस्तुस्थिती : हा समज पूर्वी पाठ्यपुस्तकांतही होता. १९८८ मध्ये ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांनी अशा १५० रुग्णांचा अभ्यास केला, त्यांपैकी १२२ जणांच्या पडण्याचा तपशील मिळाला आणि त्यांतील ९४ टक्के रुग्णांच्या खांद्यावरच थेट आघात झाल्याचे, तर केवळ ६ टक्के रुग्ण पसरलेल्या हातावर पडल्याचे आढळले. सायकलस्वाराच्या बाबतीत याचे कारण उघड आहे : पुढचे चाक खड्ड्यात अडकले किंवा ओल्या रस्त्यावर घसरले की हँडल सोडायला वेळच मिळत नाही, शरीर कुशीवर फेकले जाते आणि खांद्याचा बाहेरचा भाग सर्वांत आधी जमिनीवर आदळतो. हा दाब हाडाच्या लांबीतून आत जातो आणि जेथे हाडाचे वळण बदलते व जाडी कमी असते त्या मधल्या तिसऱ्या भागात ते मोडते. सुमारे ८० टक्के अस्थिभंग याच भागात होतात.

गैरसमज २ : प्लास्टर घातले नाही, म्हणजे उपचारच झाला नाही.

वस्तुस्थिती : प्लास्टरचा हेतू मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करण्याचा असतो, परंतु जत्रुकाचे एक टोक छातीला आणि दुसरे खांद्याला जोडलेले असल्यामुळे ते व्यवहारात शक्य होत नाही. म्हणून हाताचे वजन पेलणारी झोळी, जिला औषधांच्या दुकानात आर्म पाउच म्हणतात, हाच मुख्य उपचार ठरतो. ही झोळी कशी बांधली आहे यावर रुग्णाचा आराम बराच अवलंबून असतो : कोपर झोळीच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकलेले असावे, मनगट कोपरापेक्षा किंचित वर राहावे आणि पट्ट्याचा भार मानेच्या एकाच जागी किंवा मोडलेल्या हाडावर पडू नये. दोन्ही खांदे मागे ओढणारी, इंग्रजी आठाच्या आकाराची पट्टी पूर्वी सर्रास बांधली जाई. तथापि १९८७ मध्ये डेन्मार्कमध्ये या दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा हाडाच्या जुळण्यात किंवा दिसण्यात फरक आढळला नाही आणि साध्या झोळीचा त्रास मात्र कमी झाला. सुरुवातीचे काही दिवस आडवे झोपणे असह्य होते, त्या काळात पाठीमागे उशा रचून अर्धवट बसलेल्या स्थितीत झोपणे बहुतेकांना सोयीचे पडते.

गैरसमज ३ : शस्त्रक्रिया नेहमीच लागते, किंवा, ती कधीच लागत नाही.

वस्तुस्थिती : या दोन्ही टोकांच्या समजुतींना वैद्यकाच्या इतिहासात आधार सापडतो, आणि म्हणूनच हा प्रश्न काळजीपूर्वक पाहावा लागतो. १९६० मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी शस्त्रक्रियेविना उपचार केलेल्या २,२३५ रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा केवळ तिघांचे हाड जुळलेले नव्हते, आणि त्यामुळे पुढची अनेक दशके हे हाड आपोआपच जुळते, हा जवळजवळ नियम मानला गेला. परंतु मोडलेली टोके एकमेकांपासून पूर्ण सरकलेली असतील तर चित्र बदलते, असे पुढे दिसून आले. मानेचा एक स्नायू आतला तुकडा वर ओढतो, तर हाताचे वजन आणि छातीचा स्नायू बाहेरचा तुकडा खाली व आत खेचतात. त्यामुळे टोके एकमेकांवर चढतात आणि हाडाची लांबी कमी होते. २००७ मध्ये कॅनडात प्रौढांच्या अशाच सरकलेल्या अस्थिभंगांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर झोळीच्या गटातील ४९ पैकी ७ जणांची, तर धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, बसवलेल्या ६२ पैकी केवळ २ जणांची हाडे जुळलेली नव्हती; क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसण्यास पहिल्या गटात सरासरी २८.४ आठवडे, तर दुसऱ्या गटात १६.४ आठवडे लागले.

हाड न जुळण्याच्या या स्थितीला अस्थिरोगतज्ज्ञ नॉन-युनियन म्हणतात, आणि शस्त्रक्रियेचा मुख्य लाभ तीच टाळण्यात आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०० रुग्णांवरील स्कॉटलंडच्या चाचणीत नॉन-युनियन झालेले रुग्ण वगळल्यावर दोन्ही गटांच्या खांद्याच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक उरला नाही. म्हणजेच झोळीत ज्याचे हाड नीट जुळते, त्याचे शस्त्रक्रिया न केल्यामुळे विशेष नुकसान होत नाही. उलट बाजूला शस्त्रक्रियेची किंमतही असते : जंतुसंसर्गाची शक्यता, व्रणाखालच्या त्वचेत येणारी बधिरता, आणि पातळ त्वचेखाली प्लेट टोचत राहिल्यास ती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया. त्यामुळे हाड त्वचा फाडून बाहेर आले असेल, आतून त्वचेला ताणून पांढरी पाडत असेल किंवा रक्तवाहिनी दुखावली असेल तर शस्त्रक्रिया तातडीची ठरते. केवळ तडा गेला असेल किंवा टोके फारशी सरकली नसतील तर झोळी पुरते. आणि या दोहोंमधल्या मोठ्या पट्ट्यात रुग्णाचे वय, व्यवसाय आणि खेळाची गरज पाहून निर्णय घ्यावा लागतो.

गैरसमज ४ : हे किरकोळ हाड आहे, त्याने जिवाला धोका होत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा धोका होत नाही हे खरे असले, तरी या हाडाच्या मागूनच हाताकडे जाणारी मुख्य रोहिणी, नीला आणि मज्जातंतूंचे जाळे जाते, तर खाली फुप्फुसाचे टोक असते. ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील २९ जून १८५० रोजी लंडनमध्ये घोड्यावरून पडले आणि तीन दिवसांनी मरण पावले. मोडलेल्या कॉलर बोनमागची रक्तवाहिनी फाटली असावी, असे त्यांच्या मृत्यूविषयी मानले जाते. ४ एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या बास्क प्रदेशातील शर्यतीत डॅनिश सायकलपटू योनास विंगेगार्ड कोसळला, तेव्हा कॉलर बोनसोबत त्याच्या बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसालाही इजा झाली. म्हणून पडल्यानंतर श्वास घेताना धाप लागत असेल, हात गार किंवा फिकट पडत असेल, बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर केवळ खांद्याच्या क्ष-किरण चित्रावर समाधान न मानता लगेच रुग्णालयात पूर्ण तपासणी होणे आवश्यक असते. हेल्मेट आपटले असेल तर डोक्याच्या दुखापतीचाही विचार करावा लागतो.

गैरसमज ५ : हाड जुळेपर्यंत हात मुळीच हलवू नये.

वस्तुस्थिती : विश्रांती हाडाला हवी असते, संपूर्ण हाताला नव्हे. बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्याच दिवसापासून केली नाही तर सूज साचते आणि सांधे आखडतात. वेदना ओसरू लागल्यावर, साधारणपणे एक-दोन आठवड्यांनी, डॉक्टरांच्या संमतीने लंबक-व्यायाम सुरू केला जातो : चांगला हात टेबलावर टेकून कमरेत वाकायचे, दुखरा हात सैल लोंबकळू द्यायचा आणि शरीराच्या हलक्या झोक्याने त्याला लहान वर्तुळात फिरू द्यायचे. हात खांद्याच्या पातळीच्या वर उचलणे आणि वजन उचलणे मात्र बहुधा सहा आठवड्यांपर्यंत टाळले जाते.

गैरसमज ६ : मालीश, कांडवेलीचा लेप आणि पायाचे सूप यांनी हाड झटपट जुळते.

वस्तुस्थिती : ताज्या अस्थिभंगावर मालीश केल्याने तुकडे सरकू शकतात आणि जवळच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू दुखावू शकतात, त्यामुळे ते निश्चितपणे अपायकारक आहे, आणि लेप कोणताही असला तरी तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पायाचे सूप पोषक असले तरी शरीर ते इतर अन्नासारखेच पचवते. ते थेट मोडलेल्या जागी पोहोचत नाही. हाड जुळण्यासाठी पुरेशी प्रथिने, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते, व ते डाळ, दूध, अंडी अशा रोजच्या आहारातून आणि कमतरता असल्यास औषधांतून मिळू शकते. याउलट धूम्रपान हे हाड न जुळण्याचे एक प्रमुख कारण म्हणून अभ्यासांत पुढे आलेले आहे. तेव्हा एखादा पदार्थ खाण्यापेक्षा सिगारेट सोडण्याने हाडाला अधिक मदत होते.

गैरसमज ७ : मोडलेल्या जागी आलेले टेंगूळ म्हणजे हाड वाकडे जुळल्याची खूण होय.

वस्तुस्थिती : मोडलेल्या टोकांभोवती आधी रक्ताची गुठळी, मग मऊ आणि पुढे कठीण असे नवे हाड तयार होते, याला कॅलस म्हणतात, आणि पातळ त्वचेमुळे तो उंचवटा डोळ्यांना दिसतो. पुढचे अनेक महिने हाड स्वतःला घासून-पुसून आकार देत राहते, त्यामुळे हा उंचवटा पुष्कळदा कमी होतो, थोडा उरला तरी बहुधा कामात अडथळा आणत नाही.

गैरसमज ८ : दुखणे थांबले, किंवा प्लेट बसली, म्हणजे सायकल चालवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : या समजुतीला व्यावसायिक शर्यतींनी खतपाणी घातले आहे. ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्स ८ जुलै २०११ रोजी टूर द फ्रान्समध्ये पडून कॉलर बोन मोडून घेतो आणि सुमारे सहा आठवड्यांत स्पेनच्या व्हेल्टा शर्यतीत उतरून त्या वेळच्या निकालात तिसरा येतो, हे वाचणाऱ्याला त्याच्यामागचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि पूर्णवेळची देखरेख दिसत नाही. प्लेट हाडाला जागेवर धरते, जुळवत नाही; जुळण्याचे काम हाडालाच करावे लागते, आणि प्रौढांत त्याला साधारण सहा ते बारा आठवडे, तर टोके पूर्ण सरकलेली असल्यास वर पाहिल्याप्रमाणे त्याहूनही अधिक काळ लागतो. वेदना मात्र त्याच्या बऱ्याच आधी कमी होते. म्हणून मधल्या काळात घरातील स्थिर सायकलवर, हँडलवर भार न टाकता, पाय चालते ठेवणे योग्य ठरते, परंतु रस्त्यावर परतण्याची परवानगी तारखेने ठरत नाही. दाबल्यावर अस्थिभंगाची जागा दुखत नसणे, क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसणे, आणि दुखऱ्या हातासह दोन्ही हातांनी ब्रेक जोरात आवळून शरीराचा भार पेलता येणे, या तिन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नये. कारण अर्धवट जुळलेल्या हाडावर पुन्हा पडणे म्हणजे सगळा उपचार पहिल्या दिवसापासून सुरू करणे होय.